शेवटचं पान आधी वाचणारा

इंदुमतीच्या हनुवटीला पाणी लागलं होतं. बोगद्याच्या एका तोंडाशी दिवाणाची माणसं, दुसऱ्या तोंडातून भरतीचा समुद्र आत शिरतोय, हातातली मशाल केव्हाच विझलेली... आणि तेवढ्यात वरच्या दगडी झरोक्यापाशी घोड्याच्या टापा वाजल्या.

"बाकीचं चहानंतर," मी म्हणाले आणि मांडीवरची साडी झटकली.

खोलीतल्या सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या. सोनालीने तर माझ्या दंडाला चिमटाच काढला. हे आमचं रोजचं. डिंडोलीत काशीबाईंच्या घरातल्या पुढच्या खोलीत आम्ही काही जणी साड्यांना खडे चिकटवायचं काम करतो. या कामात हात गुंततात, डोळे गुंततात, पण कान मोकळे राहतात. त्या मोकळ्या कानांसाठी मी जुन्या कादंबऱ्या सांगते. माझे पप्पा पर्वत पाटिया भागातल्या रद्दीवाल्याकडून मला त्या आणून देतात. कुणाचं मुखपृष्ठ गेलेलं, कुणाचा लेखक वाळवीने खाल्लेला, पण आतली माणसं ठणठणीत. या कादंबरीचंही नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही तिला 'घोडेस्वाराची गोष्ट' म्हणायचो.

"पछी?"

गुजरातीतलं हे 'मग?' बाईमाणसाच्या आवाजातलं नव्हतं. सगळ्या माना दाराकडे वळल्या. खांद्यावर साड्यांचं गाठोडं घेऊन एक उंचेला तरुण उंबऱ्यात उभा होता. गाठोडं जड होतं, मान एका बाजूला कलली होती, पण ते खाली ठेवायचं त्याला भान नव्हतं.

"पछी काय?" मी विचारलं.

"म्हणजे... ती बुडाली का? आणि टापा कुणाच्या?"

"तुम्ही कोण?"

"मी हेमराज. पलसाण्याहून माल आणलाय. रोज तो पोपट येतो ना, त्याला ताप आलाय, म्हणून आज मी. टेम्पो रस्त्यात उभा आहे, मागचे हॉर्न मारून जीव खाताहेत. तेवढं सांगा, मी निघतो."

रस्त्यावर खरंच हॉर्न वाजत होते. पण गोष्ट सांगणाऱ्याचाही काही मान असतो की नाही? मी गोंदाची बाटली बंद केली, पदराला हात पुसले आणि सावकाश म्हणाले, "उद्या या."

"उद्या मी नाही येणार. मी एकाच दिवसापुरता आलोय."

"मग तुमच्यापुरती ती बुडाली असं समजा."

बायका खो खो हसल्या. त्याचे कान लाल झाले. गाठोडं ठेवून तो गेला... आणि जाताना जिन्यात थांबला असावा, कारण पावलांचा आवाज मध्येच बंद पडला होता. मी मुद्दाम पुढचा खडा चिकटवायला घेतला.

दुसऱ्या दिवशी पोपट बरा झाला होता. तरी माल घेऊन हेमराजच आला.

तो आमच्याच मागच्या गल्लीत राहायचा, हे मग कळलं. पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये रंग जुळवायच्या खात्यात होता. सकाळची पाळी संपवून घरी येता येता काशीबाईंचा माल टाकून जाईन, असं त्याने स्वतःहून अंगावर घेतलं होतं. काशीबाईंना काय, फुकटचा विश्वासू माणूस मिळाला. तो चहाच्या वेळेला यायचा, दाराशी उकिडवा बसायचा आणि बशीत ओतलेला चहा निवेपर्यंत ऐकायचा. त्याच्या नखांत रोज नवा रंग असायचा. कधी मेंदी, कधी राणी, कधी मोरपिशी. बाकीच्या बायका त्याच्या तोंडाकडे बघायच्या, मी आधी नखं बघायची.

एक दिवस त्याने हात पुढे केला. "ते पुस्तक जरा द्या ना. एक मिनिट."

"कशाला?"

"शेवटचं पान बघतो."

माझा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. "शेवटचं पान?"

"मी आधी शेवट वाचतो. मग पहिल्यापासून. बरं वाटतं, डोक्याला ताप नाही."

मी पुस्तक उचललं, गादीवर ठेवलं आणि त्यावर मांडी घालून बसले. "माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही मिळणार."

"अहो, पण तुमचा तो लेखक फसवतो माणसाला! पाणी हनुवटीपर्यंत आणलं आणि म्हणतो काय, 'इकडे दिवाणाच्या महालात दिवे लागले होते.' कुणाला पडलीय दिव्यांची? ती बाई मरतेय तिकडे!"

"मग तुम्ही दिव्यांचं सगळं ऐकलंत की नाही, कान टवकारून?"

"ऐकलं... म्हणजे, ऐकावंच लागलं."

"तेच तर!" माझ्या अंगात संचारलं. या विषयावर कुणी मला छेडलं की मी खडे, गोंद, काशीबाई, सगळं विसरते. "आधी जर दिव्यांचं सांगितलं असतं तर तुम्ही जांभई दिली असती. आता त्या महालातला एकेक दिवा तुम्ही मोजलात, कारण तुमचा अर्धा जीव बोगद्यात अडकलाय. दिवाण गोड बोलून राजाला विडा देतोय, आणि आपल्याला ठाऊक आहे की याच्याच माणसांनी बोगद्याचं तोंड बंद केलंय. राजाला ठाऊक नाही! आपण इथे बसून राजाला ओरडून सांगतोय, खाऊ नको, खाऊ नको. याला फसवणं नाही म्हणत, हेमराजभाऊ. हा माणूस आपल्याकडून आशा करून घेतो."

"भाऊ नका म्हणू," तो पटकन म्हणाला.

"का?"

"असंच... शेवटपर्यंत काय होईल कुणी सांगावं."

सोनाली साडीत तोंड खुपसून हसली. काशीबाई कडाडल्या, "हात काबर थांबनात? खडा काय आपोआप चिकटतीन का?"

नंतर तो पुन्हा त्याच विषयावर आला. शेवट आधी कळण्यात वाईट काय, हा त्याचा हट्ट सुटत नव्हता. मग मी त्याच्याच धंद्यातलं विचारलं, "ओल्या कपड्याचा रंग बघून तुम्ही माल पास करता का?"

"नाही हं. ओला रंग गडद दिसतो. वाळल्याशिवाय खरा रंग कळतच नाही."

"मग कादंबरीला तेवढा वेळ द्यायला काय होतं?"

तो हसला, हरल्यासारखा नाही, कुणी आवडती वस्तू हातात ठेवल्यासारखा. "तुम्ही ना... वकील व्हायला पाहिजे होतं."

मग चहाची बशी फिरवत त्याने एक सांगितलं. तो दहावीत असताना त्याच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. सकाळी आत नेलं, आणि दिवसभर कुणी काही सांगेना. आई भिंतीला टेकून बसलेली, याच्या हातात मराठीचं पुस्तक, परीक्षा जवळ आलेली, पण अक्षर दिसत नव्हतं. त्या दिवसापासून त्याला कुठल्याही गोष्टीत आधी शेवट लागतो. संध्याकाळी दार उघडलं, डॉक्टर बाहेर आले, त्यांनी तोंडावरचा रुमाल काढला...

तो थांबला.

"मग?" मी विचारलं.

"बाकीचं उद्या," हेमराज म्हणाला आणि चप्पल घालून निघून गेला.

काय सांगू माझी अवस्था! त्या संध्याकाळी भाकरी करपली. पप्पांनी दोनदा हाक मारली ती ऐकू आली नाही. त्याचे वडील आहेत की नाहीत? मागच्या गल्लीत म्हणे राहतो, पण मी कधी त्याच्या घरावरून गेले नव्हते. आई एकटीच असेल का? आपण इतके दिवस थट्टा करतोय आणि या मुलाच्या घरात... सकाळी आरशात बघितलं तर डोळे सुजलेले. आणि मग माझ्या लक्षात आलं की बोगद्यातल्या इंदुमतीसाठी मी कधीही अशी जागले नव्हते. गोष्ट मी सांगत आले होते, आज पहिल्यांदा मी ऐकणारी झाले होते, आणि मला जे होत होतं ते निव्वळ गोष्टीपायी होत नव्हतं.

तो आला तशी मी दारातच गाठला. "आले का घरी? बाबा आले का?"

"आले की." त्याने शांतपणे गाठोडं ठेवलं. "आत्ता कोपऱ्यावर पत्ते खेळताहेत. हरताहेत बहुतेक."

मी हातातली गोंदाची बाटली त्याच्यावर उगारली. तो दोन्ही हात वर करून मागे सरला आणि म्हणाला, "तुमच्याकडूनच शिकलो, बाई. पण खरं सांगू? मला काल घरी गेल्यावर चैन पडेना. वाटलं, ही उगाच रडत बसली असेल."

"मी? रडत? तुमच्यासाठी?"

"बाबांसाठी म्हणालो मी."

मी पाठ फिरवून खडे मोजायला बसले. अशी वेळ माझ्यावर फारशी येत नाही, सोनालीला विचारा.

त्या कादंबरीची एक गंमत मला आधीपासून भुलवत आली होती. एवढ्या जाड पुस्तकात घोडेस्वाराचं इंदुमतीवर प्रेम आहे, असं लेखकाने एकदाही लिहिलेलं नाही. आधी तर तो घोडेस्वार दिसतच नाही. पहिल्यांदा नुसत्या टापा. मग कुणीतरी बाजारात म्हणतं, बुरखेवाला आला होता. मग चिखलात खुरांचे ठसे. पुस्तक चांगलं निम्म्यावर येतं तेव्हा कुठे हे महाशय प्रकट होतात, आणि तोवर आपणच त्याला मनात एवढा मोठा करून ठेवतो की लेखकाला त्याचे नाकडोळे वर्णायची गरजच उरत नाही. आणि प्रेम? इंदुमती गडावरून उतरायची असते त्या पहाटे तिच्या घोडीला कुणीतरी आधीच पाणी पाजलेलं असतं. बस. पागेत कोण आलं होतं, लेखक सांगत नाही. आपल्याला कळतं, इंदुमतीला कळत नाही, आणि आपण बोटं मोडत बसतो. किती धीर असेल त्या लेखकाच्या अंगी! मला तो परिच्छेद वाचताना दर वेळी वाटतं, त्याच्या पायाला हात लावावा.

माझ्या बसायच्या जागेमागे एक खिडकी होती. बिजागऱ्या गंजून ती कायमची मिटलेली, त्यामुळे गोंदाच्या वासाने दुपारपर्यंत माझं डोकं चढायचं. मी हे कधी कुणाला बोलले नव्हते. एका सकाळी कामावर आले तर खिडकी सताड उघडी. बाहेर श्रावणसर पडून गेलेली, ओल्या कडुलिंबाचा वास आत येत होता, आणि बिजागरीवर तेलाचा ताजा ओघळ.

"कुणी उघडली?" मी काशीबाईंना विचारलं.

"माले काय माहीत," त्या दुसरीकडे बघत म्हणाल्या.

खिडकीच्या पांढऱ्या चौकटीवर अंगठ्याचा एक मोरपिशी ठसा उमटला होता. मी त्यावर माझा अंगठा ठेवून पाहिला... आणि कुणी बघायच्या आत काढून घेतला. पुस्तकातल्या इंदुमतीसारखी मी खुळी नव्हते. मला कळलं होतं. पण त्याने काही म्हणायला तर हवं!

आणि इथेच घोडं अडलं.

पप्पांनी एक दिवस जेवताना विषय काढला. अमळनेरचे पाहुणे येणार होते, मला बघायला. कानबाईचा सण झाला की पुढच्या रविवारी. मुलगा बँकेत, घर चांगलं, नाव ठेवायला जागा नाही. माझे पप्पा, भिकन लूमवाले म्हणून त्यांना गल्ली ओळखते, तसे कडक नाहीत. आई गेल्यापासून त्यांनी मला एकट्याने वाढवलं. त्यांनी ताट बाजूला सारून सरळ विचारलं, "पोरी, तुन्हा मनमा काही शे का? शे ते आतेच सांग."

काय सांगू? एक मुलगा माझ्या गोष्टी ऐकतो आणि त्याने खिडकीला तेल घातलं, हे? तो उद्या म्हणाला, मी आपली सहज घातली, तर? मी ताटातल्या भाताकडे बघत बसले. आमच्या घरात मुलगी गप्प म्हणजे मुलगी राजी. पप्पांनी अमळनेरला होकार कळवून टाकला.

दुसऱ्या दिवशी सोनालीने मला जिन्यात ओढलं. "ऐक. तुझ्या त्या हेमराजने काल मला गाठलं. पाहुण्यांचं त्याला कळलंय, गल्लीत कोणतं गुपित राहतं? तोंड एवढंसं झालं होतं. म्हणतो, ती हो म्हणेल का तेवढं विचारून सांग. हो असेल तर मी बोलतो."

"आणि नाही असेल तर?"

"तर नाही बोलत म्हणे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे इथेही शेवटचं पान आधी! सांग त्याला, असले शेवट उसने मिळत नाहीत म्हणावं."

"हो, आणि तू काय कमी आहेस?" सोनालीने कमरेवर हात ठेवले. "पप्पांनी तोंडावर विचारलं तेव्हा दातखीळ बसली होती का? तुला नुसतं ताणायला आवडतं, नूतन. पुस्तकात बरं असतं गं. लेखकाने ठरवलं तर समुद्रसुद्धा दोन प्रकरणं थांबतो. आपल्याकडे रविवार रविवारीच येणार आहे."

मला तिचा राग आला, कारण ती खरं बोलत होती. तरीही माझा पीळ सुटेना. मीच जाऊन म्हणायचं? का म्हणून? त्याने एकदा तरी, शेवट न बघता, पुस्तक उघडून दाखवावं. एवढा माझा हट्ट होता, आणि त्या हट्टापायी मी अमळनेरला जायच्या बेताला आले होते.

कानबाईच्या सुटीआधीच्या दिवशी गोष्ट शेवटाला आली. दिवाण पकडला गेला होता. गडाच्या दरवाजापाशी इंदुमती उभी आणि समोर घोडेस्वार. आता आम्हाला ठाऊक होतं की तो शत्रूच्या घराण्यातला आहे. बुरखा काढला तर ती त्याला मिठी मारेल की पहारेकऱ्यांना हाक मारेल, त्याला काहीच ठाऊक नाही. घोडा तयार आहे. निघून जायला वाट मोकळी आहे. मी दाराकडे न बघता सांगत होते, पण हेमराजच्या हातातली बशी हलायची थांबली होती, ते मला ऐकू येत होतं.

"आणि त्याने," मी म्हणाले, "बुरख्याच्या गाठीला हात घातला..."

मी पुस्तक मिटलं. "बाकीचं मंगळवारी."

त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. हेमराजही "पछी" म्हणाला नाही. त्याने बशी भिंतीशी ठेवली, चपला पायात सरकवल्या आणि गेला. त्याच्या पाठीकडे बघत मी मिटलेलं पुस्तक पुन्हा उघडलं. वाटलं, जास्तच ताणलं का आपण?

कानबाई म्हणजे आम्हा खानदेशी लोकांची दिवाळीच. रविवारी घरोघर ही देवी बसते, सोमवारी वाजतगाजत तिला निरोप देतात. डिंडोलीचे रस्ते त्या सकाळी पायी चालायलाही उरत नाहीत. बायकांच्या डोक्यावर सजवलेल्या कानबाया, पुढे ढोल, अंगावर भुरभुर पाऊस. गर्दीत मला हेमराज दिसला. कपाळावर गुलाल, शर्ट भिजून अंगाला चिकटलेला. एरवी तो हसला असता. त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं, बराच वेळ, आणि ढोलवाल्यांच्या मागे नाहीसा झाला. त्याची आई, उषाबाई, मात्र माझ्याजवळून जाताना थांबल्या. माझ्या गालाला लागलेला गुलाल त्यांनी बोटाने सारखा केला.

घरी येऊन मी दार लावून रडले. तो बोलणार नाही, असं मला पक्कं वाटलं होतं.

मंगळवारी आम्ही पुन्हा कामावर जमलो. जेवणाची वेळ झाली. वर्षभर आम्ही एकमेकींच्या डब्यात खुशाल हात घालतो, पण कानबाईनंतरचे हे दिवस वेगळे. डब्यात प्रसादाच्या जाड पोळ्या, म्हणजे रोट असतात. कानबाईसाठी गहू घेतात ते घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ, आणि त्या गव्हाचे रोट फक्त घरच्यांनीच खायचे. शेजारणीला नाही, जिवाभावाच्या मैत्रिणीला नाही. लेक सासरी गेली की तिचा वाटा सासरच्या गव्हात धरतात, माहेरच्या नाही. म्हणून त्या दिवशी सगळ्या जणी आपापला डबा मांडीत घेऊन, भिंतीकडे तोंड करून जेवत होत्या.

एरवी चारला येणारा हेमराज दुपारीच दारात उभा राहिला. खांद्यावर माल नव्हता. हातात स्टीलचा डबा होता. नखं घासून घासून स्वच्छ केलेली, पहिल्यांदाच त्यांत कुठला रंग नव्हता.

"अरे, आज लवकर?" काशीबाई म्हणाल्या. "थांब, गोष्ट चहाले शे."

"घोडेस्वाराचं नंतर," तो म्हणाला. "आधी माझं."

तो सरळ माझ्यासमोर येऊन बसला. डबा उघडला. आत एक जाडजूड रोट आणि बाजूला गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. खोलीत कुणाचाच घास हलला नाही.

"नूतन," तो म्हणाला. आजवर त्याने मला नावाने हाक मारली नव्हती. "आईने यंदा गहू मोजताना सव्वा मूठ जास्त घेतली. मी विचारलं, ही कुणाच्या नावाची? तर म्हणाली, ते तू जाऊन विचार, मला काय विचारतोस."

मी मांडीतला माझा डबा बाजूला ठेवला.

"मी सोनालीला परत काही विचारलेलं नाही. कुणालाच नाही. तू काय करशील ते मला ठाऊक नाही. डबा बंद करशील, उठून जाशील, सगळ्यांसमोर हसशील... रात्रभर तेच चाललं होतं डोक्यात. हात थंड पडलेत बघ." त्याने खरोखरच हात पुढे केला, मग ओशाळून मागे घेतला. "पण मला तू आवडतेस. खूप. तू गोष्ट अर्धी सोडतेस तेव्हा मला तुझा राग येतो आणि घरी जाताना वाटतं, बरं झालं, उद्या पुन्हा यायचं कारण मिळालं. एवढंच सांगायचं होतं. पुढचं तुझ्याकडे."

आता तुम्हाला खरं सांगते. मी आजवर जेवढं वाचलं, जेवढं सांगितलं, ते सगळं त्या क्षणी माझ्या कानात ओरडत होतं की इथेच थांब. सगळ्यांचे श्वास अडकलेत, त्याचा तर पारच. आता खिडकीकडे बघ, आता पदर सारखा कर, म्हण की चहानंतर सांगते. याहून सुंदर जागा अख्ख्या कादंबरीत सापडणार नाही!

माझ्याच्याने एक पळभरही थांबवलं नाही. मी रोट उचलला, मोडला आणि घास तोंडात टाकला.

"अगं... चाव तरी नीट," हेमराज म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"मलाही," मी भरल्या तोंडाने म्हणाले. "मलाही तू आवडतोस. केव्हापासूनचा. आणि मी खरंच रडले होते त्या दिवशी, तुझ्या बाबांसाठी नाही, तुझ्यासाठी."

सोनालीने किंचाळून माझ्या गळ्यात हात टाकले. बायका बोलायला लागल्या, सगळ्या एकदम. काशीबाईंनी पदराने नाक पुसलं आणि दरडावून म्हणाल्या, "आते त्या घोडावालानं बी सांगी टाक एकदाचं."

"बुरखा काढला, ती हो म्हणाली, दरवाजा उघडला," मी एका दमात सांगून टाकलं. इतक्या वाईट रीतीने मी कुठलीच गोष्ट कधी संपवली नव्हती.

मग मी फोन घेतला. हातातला घास तसाच होता. हेमराजच्या तोंडचं पाणी पळालं. पलीकडे लूमचा खडखडाट, मग पप्पांचा आवाज.

"पप्पा, मी रोट खादा."

"मंग काय व्हयनं? काल बी खादा ना."

"आपला नही, पप्पा. हेमराजना घरना. उषाबाईंनी दिलेला."

पलीकडे नुसता खडखडाट. मग तोही मागे पडला, पप्पा बाहेर आले असावेत. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्यांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले होते, अमळनेरला त्यांनी शब्द दिला होता, आणि आता चारचौघींत बसून मी हे करून बसले होते. मी डोळे मिटून घेतले. हेमराज माझ्या तोंडाकडे बघत होता.

"कितला खादा?" पप्पांनी विचारलं.

"अर्धा," मी म्हणाले, आणि मला हुंदका आवरेना.

"रडू नको. उरेल बी खाई टाक," पप्पा म्हणाले. "कानबाईना रोट असा अर्धा सोडतस का? अमळनेरले मी फोन करी देस."